पुडीतला उंट

२१ एप्रिल १९९६, रविवार

फसले! रोह्याच्या वाचनालयात फुकट व्याख्यान म्हणून गेले, पंख्याखाली जागा मिळावी म्हणून पुढच्या रांगेत बसले, आणि तिथेच घात झाला. विषय — मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी. बाई पुण्याच्या. बोलता बोलता थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ज्या घरात आई वाचते, त्या घरात मुलं वाचतात." मी मान डोलावली. एवढ्या जोरात डोलावली की शेजारणीला वाटलं असेल, हिच्याकडे पुस्तकांची कपाटं भरलेली आहेत.

आमच्याकडे काय आहे? पंचांग आहे. गॅसचं कार्ड आहे. मी शेवटची कादंबरी वाचली ती मितेशच्या बाळंतपणात, माहेरी जोह्याला. तिचीही शेवटची पानं कुणीतरी फाडलेली होती. नायिकेचं पुढे काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. काही अडलं नाही माझं.

किमया दहाची, मितेश सातचा होईल. शाळेचं सोडून दोघांच्या हातात मी कधी पुस्तक बघितलेलं नाही. या सुट्टीत हे बदलायचं. ठरलं म्हणजे ठरलं!

२३ एप्रिल

पुस्तकं आणली. दुकानदाराला म्हटलं, संस्कार होतील अशी द्या. त्याने थोरांच्या गोष्टी, प्रामाणिकपणाच्या गोष्टी आणि वेळेच्या महत्त्वावर एक जाडजूड दिलं. सगळ्यांना खाकी कव्हरं घातली, नावं टाकली, शोकेसमध्ये स्टीलच्या डिनर सेटशेजारी उभी केली. काय शोभा आली! लगेच कुलूप लावलं. पोरांचे हात कायम कशाने तरी भरलेले.

२४ एप्रिल

हे फर्स्ट शिफ्ट करून आले. बूट काढता काढता शोकेसकडे बघितलं.

"कुलपातली पुस्तकं पोरं वाचणार कशी?"

"मागतील तेव्हा काढून देईन."

दिवसभरात कुणीही मागितलं नाही.

२६ एप्रिल

आजपासून वाचनाचा तास! संध्याकाळी सातला टीव्ही बंद. किल्ली धान्याच्या डब्यात लपवली होती, कुठल्या डब्यात ते आठवेना, त्यात बराच वेळ गेला. मग मुलांना एकेक पुस्तक दिलं आणि मी मधोमध वेळेचं महत्त्व उघडून बसले. मुलं आईचं बघून शिकतात ना!

जाग आली तेव्हा सासूबाई ताटं वाढत होत्या. "पोरांना वाचाला बसवतंस नि सोता घोरतंस, व्हय गो?" मितेश शेजारी आडवा, तोंडावर पुस्तक, डोळे गच्च मिटलेले, आणि माझ्यासारखं घोरून दाखवत होता. किमया तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

खरंच, मुलं आईचं बघून शिकतात.

२९ एप्रिल

किमयाला एक काम धड सांगायची सोय नाही. कोपऱ्यावर धोंडुबाईच्या दुकानात पाठवली — जिरं, मोहरी, बडीशेप आण. जिरं घेऊन आली. मोहरी? विसरली! परत गेली, मोहरी आणली. बडीशेप? विसरली! भर उन्हात तीन खेपा, आणि प्रत्येक खेपेला मितेश शेपटासारखा मागे. येताना दोघं माना खाली घालून, रमतगमत, जशी काही वरातच चालली आहे.

वाचन नसलं की मुलांची एकाग्रता जाते असं पुण्याच्या बाई म्हणाल्याच होत्या. अगदी पटलं.

३० एप्रिल

आज हिंग आणि हळद, दोन खेपा. एकाग्रता!!

३ मे

जगनदादा आला होता. जोह्याला त्याच्या गणपतीच्या कारखान्यात यंदा नवंच खूळ. परदेशात पाठवायला हलक्या मूर्ती हव्यात म्हणून कुणी व्यापारी मागे लागलाय, तर दादा कागदाच्या लगद्याचे गणपती करणार. "अनू, घरात असंल नसंल ती रद्दी काढून ठेव गो. फकस्त चकचकीत कागद नको, तो भिजत नाय. पेपरच पायजे." मुलांना सुट्टीला घेऊन गेला. टेम्पो परवा येणार.

घर कसं शांत. आज वेळेच्या महत्त्वाची चार पानं वाचली. दुपारी मस्त झोप लागली.

५ मे, रविवार

जगनदादाचा माणूस रघू टेम्पो घेऊन आला. वर्षाची रद्दी दिली. तेवढ्यात म्हटलं पलंगाखालीही झाडून घ्यावं, तर एक पत्र्याची पेटी निघाली. उघडली आणि शिंकाच सुरू! आत पुड्यांचे कागद. वाण्याकडचे. तेलकट, हळदीचे डाग पडलेले, मिरचीचा खकाणा. घड्या मोडून सपाट केलेले, सुतळीने बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे! सासूबाईंना सगळं जपून ठेवायची खोड आहे, भाकरीखाली घालायला जमवले असणार. त्या शेजारी गेल्या होत्या. विचारलं असतं तर दिले नसते. म्हणून विचारलंच नाही.

सगळे टेम्पोत टाकले. पेटी घासून पुसून उन्हात ठेवली. आता तिच्यात चांगली पुस्तकं ठेवीन. आज मला माझं फार कौतुक वाटलं.

१२ मे, रविवार. जोहे

हे कसं लिहू? लिहितेच.

मुलांना आणायला सकाळी आले. कारखान्याच्या मागे हौदात कागद भिजत घातलेला. पाणी काढून तो पायांनी तुडवायचा, मग डिंक आणि खडूची भुकटी घालून साच्यात दाबायचा, असं काम. तुडवायला सगळी पोरं हौदात. किमया, मितेश, दादाची मुलं, शेजारची. गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल, नुसता दंगा. मी म्हटलं, बघा, पोरं कशी आनंदात आहेत!

तेवढ्यात मितेश किंचाळला. मला वाटलं काच लागली. तो एक पाय वर धरून उभा. नडगीला कागदाचा तुकडा चिकटला होता, त्यावर चित्र, उंटाच्या पायांचं. "किमी! आपला सुलतान! आपला सुलतान हाय ह्यो!"

किमयाने वाकून लगद्यात हात घातला. एक तुकडा निघाला, आणखी एक निघाला. मग ती हौदातून बाहेर आली, नळाखाली पाय धुतले आणि माझ्याकडे बघितलं. "आई, पलंगाखालची पेटी?"

मी म्हटलं, "मला वाटलं, ते सासूबाईंचं..."

सगळं मितेशने सांगितलं, हुंदके देत. धोंडुबाई रद्दी घेते ती एका मास्तरांच्या घरची. त्यात रविवारच्या पेपरातलं मुलांचं पान असतं. प्रत्येक जिन्नसाला वेगळी पुडी, वेगळा कागद. म्हणून जिरं वेगळं, मोहरी वेगळी, बडीशेप वेगळी! विसरत नव्हती माझी पोर. माना खाली घालून वाचत येत होती दोघं. किमया वाचायची, मितेश ऐकायचा. अर्ध्या गोष्टी जमवायच्या, उरलेली अर्धी दुसऱ्या पुडीत कधी येते त्याची वाट बघायची. दोन वर्षांचं भांडार होतं ते. आणि मी बाई एकाग्रतेच्या गोष्टी करत होते!

सगळ्यांत लाडकी गोष्ट त्या उंटाची. सुलतान. एका पायाने लंगडा, सर्कशीतून पळालेला, वाळवंटातल्या आपल्या गावी निघालेला. क्रमशः. सगळे भाग मिळाले होते, शेवटचा सोडून. तो एप्रिलमध्ये मिरचीच्या पुडीला आला. मितेशने अजून ऐकला नव्हता. किमया म्हणाली होती, तुझ्या वाढदिवसाला वाचून दाखवीन. तोही पेटीत होता.

जगनदादा बिचारा ओशाळला. "मला काय म्हायत गो, कागदच तो." वहिनीने सगळ्यांना कोकम सरबत दिलं. किमयाने घेतलं नाही.

१३ मे

घरी आलो. किमया बोलते, जेवते, सासूबाईंच्या पायाला तेल लावते. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ मे

मीच गेले धोंडुबाईकडे. जिरं घेतलं, ओवा घेतला, धने घेतले, प्रत्येकाची वेगळी पुडी. घरी आणून किमयासमोर ठेवल्या. तिने जिरं बरणीत ओतलं, कागदाचा बोळा केला, केरात टाकला. बघितलंसुद्धा नाही.

त्या बाईंना पुण्याला पत्र लिहावंसं वाटतं — मॅडम, मुलांची वाचनाची गोडी घालवायचा एक हमखास उपाय माझ्याकडे आहे.

२ जून

शोकेसचं कुलूप काढून फेकून दिलं. पुस्तकं जमिनीवर पसरून ठेवली, कुणी उचलेल म्हणून. सासूबाईंनी उचलली. केर काढायला.

२० जून

मितेशचा वाढदिवस. सकाळपासून किमयाच्या मागे — "तू वाचलंयस ना? मग तोंडी सांग ना! पोचला का तो?" ती म्हणाली, "आठवत नाय मला." पोर पाढे घडाघडा म्हणते, मागच्या दिवाळीला कुणी काय दिलं ते सांगते, आणि हे आठवत नाही? मला शिक्षा चालली आहे. पण त्या लेकराला कशाला?

मग मी ठरवलं, शेवट मीच लिहिते. त्यात काय! दुपारी दार लावून बसले. घाम फुटला. संध्याकाळी केक कापल्यावर वाचून दाखवला. सुलतानला वाटेत एक सद्गुणी शेतकरी भेटतो, तो त्याला आळसाचे तोटे समजावतो, मग सुलतान वेळेवर घरी पोचतो.

मितेश म्हणाला, "उंटाला घड्याळ कुठाय?"

हे हसून हसून खोकायला लागले. किमयाच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. भासही असेल.

१४ जुलै, रविवार

पेणला गेले. बाजारामागे काळुराम रद्दीवाला आहे, त्याच्याकडे जुन्या रविवारच्या पुरवण्या असतात असं कळलं. "शोधा तुमी, मला येळ नाय." बसले गठ्ठ्यांवर. उंट काही सापडेना, पण बाकी काय काय सापडलं! एका बाईने एकटीने विहीर खणली त्याची हकिकत. एक खुनाची गोष्ट, तिचा खुनी सापडेपर्यंत उठवेना. चार प्रकारची लोणची. काळुराम दोनदा म्हणाला, "वैनी, दुकान बंद करायचाय." गाडी चुकली. माझी! वाचता वाचता! पुढच्या गाडीने निघाले, तर निडी स्टेशनात क्रॉसिंगला गाडी खोळंबली, डब्यातली माणसं रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होती, आणि मला पत्ताच नाही.

घरी आले तर सासूबाई दारात. "हरवलीस का काय गो?" मांडीएवढा गठ्ठा खाली ठेवला. किमयाने फक्त विचारलं, "सुलतान मिळाला?"

"नाही."

मग ती अभ्यासाला बसली.

११ ऑगस्ट

हल्ली दुपारी मी वाचते आणि पोरं खेळतात. उलटी गंगा. गोडी लागली ती घोडीला.

मनातलं लिहायचं तर — रोज भीती वाटते. आठवडे गेले, महिने गेले, किमया अवांतर अक्षर वाचत नाही. पाचवीची पुस्तकं तेवढी, तीही औषध घेतल्यासारखी. तिच्या आत एक दिवा होता, तो मला दिसलाही नव्हता, आणि मी तो फुंकून टाकला. तो परत लागला नाही तर?

१५ सप्टेंबर, रविवार

जोह्याहून गणपती आणला. दादाने आमच्यासाठी त्या लगद्यातली एक मूर्ती मागे ठेवली होती. "तुज्याच कागदांचा हाय गो. बाकीचे समदे गेले इमानातून." म्हणजे पोरांच्या गोष्टी परदेशी गेल्या, आणि त्यांची आई रोह्याला!

मूर्ती सुरेख आहे. डोळ्यांची आखणी दादाने स्वतः केलेली. आणि हलकी! मितेशने एका हाताने उचलली. घरी आल्यावर त्याने मखराजवळ जाऊन गणपतीच्या पोटाला कान लावला. "किमी, आपली पेटी ह्याच्या पोटात हाय."

किमया कितीतरी वेळ समोर बसून होती.

१७ सप्टेंबर

आमचा दीड दिवसाचा. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या घाटावर गेलो, सगळी आळी होती. आरती झाली. हे कमरेएवढ्या पाण्यात उतरले, तीनदा बुडी दिली, हात सोडले —

आणि गणपती वर! बुडेचना. कागदाचा तो, तरंगायला लागला. ह्यांनी दाबला, परत वर. घाटावर कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, "काय राहिलाय काय देवाचा?" मला तर पाण्यात उडी घ्यावीशी वाटली. माझ्या हातून काहीच धड होत नाही, विसर्जनसुद्धा!

मितेश पायरीवरून ओरडला, "तो शेवट ऐकल्याबिगर जायाचा नाय! बाकीची गोष्ट त्याच्या पोटात हाय, शेवट किमीकडं हाय! सांग त्याला!"

कुणीतरी हसलं. पण किमया खरंच पुढे झाली. फ्रॉक वर धरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. हे मूर्ती धरून उभे. आणि माझी पोर, मेपासून जेवढ्यास तेवढं बोलणारी, खड्या आवाजात सांगायला लागली.

सुलतान लंगडत लंगडत घाट उतरला. तहानेने जीव चाललेला. आणि समोर बघतो तर पांढरंशुभ्र! ढीगच्या ढीग, नजर जाईल तिथवर. त्याला वाटलं, आलं माझं वाळवंट. जवळ गेला, चाटून बघितलं, तर खारट! ते पेणचं मिठागर होतं. मिठागरवाल्याने त्याला गोड्या पाण्याची घागर पाजली. खाडीच्या गरम पाण्याने त्याचा पाय शेकला. मग सुलतान तिथेच राहिला, मिठाच्या गोणी वाहू लागला. कुणी विचारलं, हे तुझं गाव नाही रे, तर तो म्हणायचा, मला कळत का नाही? पण इथले लोक मला सुलतान म्हणतात.

"माज्या बापाच्या मिठागराव आलावता म्हन तो!" सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. त्यांचं माहेर मिठागरावरचं.

गोष्ट संपेस्तोवर कागद पाणी प्यायला होता. ह्यांनी हात काढले. गणपती सावकाश खाली गेला. मितेश एवढ्या जोरात मोरया म्हणाला की त्याचा घसा बसला.

पेपरात पेणचं मिठागर कोण छापणार! शेवट पोरीने मनाने जुळवला. खरा मी बुडवला म्हणून तिला जुळवावा लागला. येताना मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला नाही. मी रस्ताभर रडत होते, आणि हे लोकांना सांगत होते, धुरामुळे.

२२ सप्टेंबर

धोंडुबाईकडे मीठ आणि साखर आणायला किमयाला पाठवली. दोघं गेली. मीठ आलं, साखर विसरली!

देवा गणराया.

२ नोव्हेंबर

फराळाचं सामान यंदा बाजारातल्या मोठ्या दुकानातून आणलं. पुड्या सोडायचा मान हल्ली मितेशचा. एकेक अक्षर जोडत वाचतो. धण्याची पुडी सोडली आणि ओरडला, "सु-ल-ता-न! आई, सुलतान! शे-व-ट-चा भाग!"

मी डोकावले. नजर नेमकी खालच्या ओळीवर गेली. समोर वाळू दिसत होती, आणि सुलतानने मान टाकली ती पुन्हा उचलली नाही.

दारात किमया. चेहरा पांढराफटक. तिने हे एप्रिलमध्येच वाचलं होतं. म्हणून वाढदिवसापर्यंत थांब. म्हणून आठवत नाय.

मितेशचं बोट वरच्या ओळीवर होतं, हळूहळू खाली येत होतं. मी कागद हिसकावला. पोरांनी वाचावं म्हणून एप्रिलपासून जिवाचं रान केलेली मी! "अळ्या आहेत धण्यात," म्हटलं, टराटरा फाडला आणि बादलीत बुडवला. मितेशने भोकाड पसरलं.

"दुसऱ्या उंटाची गोष्ट असंल रे ती," किमया त्याला म्हणाली, आणि माझ्याशेजारी बसून बादलीत हात घालून कागद चोळायला लागली.